जुन्या टीव्हीत मधोमध एकच पांढरी रेघ: घरी दुरुस्त करायचा तर

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो. २१ इंची जुना रंगीत टीव्ही, जाड पिक्चर ट्यूबवाला. आवाज ठणठणीत, पण चित्राच्या जागी पडद्याच्या मधोमध एक झगझगीत आडवी रेघ. आधी काही महिने वरून टपली मारली की चित्र उघडायचं, आता तो टपलीलाही दाद देत नाही. त्याच्याही आधीपासूनची एक तक्रार आहे: हवा दमट असली की सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं चित्र धूसर, मग आपोआप लख्ख. तुमच्याकडे मल्टिमीटर आहे, सोल्डरिंगचा हात बसलेला आहे. हे घरी उघडावं का, आणि उघडलं तर शॉक न खाता कसं करावं, हा प्रश्न. शेवटी जाता जाता विचारलंय की चपटे टीव्ही उघडायला जास्त सुरक्षित असतात का.

उघडायला हरकत नाही. तुमच्या वर्णनातच निम्म्याहून जास्त निदान होऊन गेलंय. पण एक काम ताबडतोब करा: ती रेघ बघत बसू नका, टीव्ही बंद करा. एरवी सगळ्या पडद्यावर पसरणारा इलेक्ट्रॉनचा झोत सध्या एकाच रेघेवर पडतोय. तिथला फॉस्फर (पडद्याच्या आतला, झोत पडला की चमकणारा लेप) भाजला तर दुरुस्तीनंतर चित्र येईल, पण त्याच्या मधून एक काळपट पट्टा कायमचा राहील. तपासणीसाठी पुन्हा चालू करावा लागेल तेव्हा ब्राइटनेस इतका उतरवा की रेघ जेमतेम दिसेल.

आता शॉकचं. टीव्ही उघडणारा नवखा माणूस पिक्चर ट्यूबला घाबरतो. २१ इंची रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर, म्हणजे रबरी टोपीतून जाड तार जिथे ट्यूबला जोडलेली असते तिथे, साधारण २५ हजार व्होल्ट असतात हे त्याने ऐकलेलं असतं, आणि ते खरंही आहे. पण मला आजवर बसलेले वाईट शॉक त्या जाड तारेचे नव्हते. ट्यूब म्हणजे काचेचा एक कंडेन्सर आहे: आतून आणि बाहेरून ग्राफाइटचा काळा लेप, मध्ये काच. (कपॅसिटरला आम्ही दुरुस्तीवाले सवयीने कंडेन्सरच म्हणतो, इथेही तेच चालवून घ्या.) या कंडेन्सरची क्षमता फार कमी, एक-दोन नॅनोफॅरडच्या घरात. त्यामुळे व्होल्टेज एवढं असूनही बंद टीव्हीच्या ट्यूबमध्ये साठलेली ऊर्जा अर्ध्या ज्यूलच्या आसपास. झटका सणसणीत, पण क्षणात संपणारा.

याउलट पॉवर सप्लायमधला तो जाडजूड मुख्य कंडेन्सर बघा. त्याच्यावर ४०० व्होल्ट, २२० मायक्रोफॅरड असं काहीतरी छापलेलं असेल. २३० व्होल्टचा पुरवठा ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांमधून) गेला की त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी जमतात. हिशेब केला तर ११ ते १२ ज्यूल, म्हणजे ट्यूबच्या वीसपटीहून जास्त. प्लग लावलेला असेल तर मागे थेट मेन्स, म्हणजे घराची वीज, उभी, ती माणूस सुटेपर्यंत थांबत नाही. ज्या देशांत ११०-१२० व्होल्ट पुरवठा आहे तिथे आकडे बदलतील, काळजी तीच.

यातली फसवी गोष्ट अशी की चालणारा टीव्ही प्लग काढल्यावर स्वतःच हा कंडेन्सर पिऊन टाकतो, मेलेला टीव्ही तसं करत नाही. सप्लाय सुरूच होत नसेल तर साठलेला चार्ज वापरणारं कोणी नसतं, आणि ३०० व्होल्ट तसेच दबा धरून बसतात. तुमच्या टीव्हीचा आवाज येतोय, म्हणजे सप्लाय जिवंत आहे, म्हणजे प्लग काढल्यावर तो बहुधा लवकर रिकामा होईल. त्या ‘बहुधा’वर मी एकदा ट्यूब गमावलीय. टीव्ही बंद, प्लग हातात, मी निर्धास्त. बोर्डाच्या खालून बोट फिरवताना ते त्या कंडेन्सरच्या पायाला लागलं. शॉकने मला काही झालं नाही, पण हात असा उडाला की कोपर ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेवर आदळलं. ‘सूंऽऽ’ असा आवाज आला आणि थांबला. ट्यूबच्या निर्वात पोटात हवा शिरल्याचा तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. टीव्हीचा बाकी सगळा भाग चांगला होता. शॉकपेक्षा शॉकने उडालेला हात जास्त नुकसान करतो, म्हणून टीव्हीच्या आत काम करताना कोपराच्या वाटेत काय आहे ते आधी बघून ठेवा.

तेव्हा उघडण्याची पद्धत. स्विच बंद केला एवढं पुरत नाही, प्लग भिंतीतून काढा आणि तो तुमच्या डोळ्यासमोर पडेल असा ठेवा. अँटेनाची केबल आणि मागच्या सगळ्या तारा काढा. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी उतरवा. घरात कोणीतरी जागं असू द्या आणि त्याला मेन स्विच कुठे आहे ते दाखवून ठेवा. ज्याला पेसमेकर बसवलाय त्याने हे काम करूच नये. मागचं झाकण सगळे स्क्रू काढल्यावर सरळ मागे ओढा, तिरकं उचलू नका. झाकणाची कड आणि ट्यूबची मान यांच्यात फार जागा नसते. आत धुळीचे थर दिसतील, कारण उच्च व्होल्टेज धूळ ओढून घेतं. दोन्ही कंडेन्सर रिकामे केल्यावर कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओलं फडकं अजिबात नको.

मुख्य कंडेन्सर रिकामा करायला स्क्रूड्रायव्हर आडवा घालू नका. ठो आवाज होतो, ट्रॅक उडतो, स्क्रूड्रायव्हरला खड्डा पडतो आणि कधी कधी शेजारचा भागही जातो. २.२ किलोओहम, १० वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर घ्या, त्याला दोन इन्सुलेटेड तारा जोडा आणि कंडेन्सरच्या दोन पायांवर पाच-सात सेकंद धरा. मग मीटर डीसी १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवून मोजा. आकडा चार-पाच व्होल्टच्या खाली आला की पुढे. मीटर खरं सांगतोय ना, हे आधी एखाद्या बॅटरीवर तपासा, आणि नंतरही. तुटलेल्या लीडचा मीटर ‘शून्य’ दाखवतो आणि माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो.

ट्यूबचंही तसंच, फक्त साधन वेगळं. लांब, चांगल्या मुठीचा चपटा स्क्रूड्रायव्हर. त्याच्या दांड्याला एक तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला क्रोकोडाइल क्लिप. ती क्लिप ट्यूबच्या पाठीवरून ताणून बसवलेल्या उघड्या विणलेल्या तारेला लावा, चॅसिसच्या कुठल्याही पत्र्याला किंवा हीटसिंकला (आयसी थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याला) नाही. हीटसिंकला लावली तर ती ठिणगी आयसींमधून वाट काढते आणि एका दोषाचे चार होतात. एक हात पाठीमागे ठेवा. दुसऱ्या हाताने स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्यूबच्या कडेवरच्या रबरी टोपीखाली हळूच सरकवा, आतल्या धातूच्या चिमट्याला लागेपर्यंत. ‘टच्’ असा आवाज येईल, कधी येणारही नाही. दोन-तीन सेकंद तसंच धरा. मग चहाला म्हणून नव्हे, पण पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा एकदा करा. काचेत मुरलेला चार्ज हळूहळू परत वर येतो. दुसऱ्या वेळी पुन्हा बारीकसा ‘टच्’ ऐकू आला तर दचकू नका. आणि या दुरुस्तीसाठी ती रबरी टोपी काढायची गरज नाही. बोर्ड उलटा करण्याइतकी तार लांब असेल तर टोपी जागेवरच राहू द्या.

आता रेघेकडे येऊ. मला ही रेघ आवडते, कारण ती एकाच वेळी चार गोष्टी निर्दोष ठरवते. पडद्यावर उजेड आहे, म्हणजे ट्यूबचा हीटर पेटतोय आणि ॲनोडला उच्च व्होल्टेज मिळतंय. रेघ डावीकडून उजवीकडे पूर्ण पसरलीय, म्हणजे सेकंदाला १५,६२५ वेळा झोत आडवा नेणारी होरिझाँटल स्टेज ठीक आहे. आवाज आहे, म्हणजे पॉवर सप्लाय आणि ट्यूनर ठीक. उरलं ते फक्त झोत वर-खाली नेणारं सर्किट, सेकंदाला ५० वेळा काम करणारं. व्हर्टिकल आयसी, तिचा सप्लाय, योकचं (ट्यूबच्या मानेवर बसवलेल्या, झोत वळवणाऱ्या कॉइलच्या जुडग्याचं) व्हर्टिकल कॉइल आणि त्यांच्यामधले जोड. टीव्हीचा पाऊण भाग डोक्यातून काढून टाका.

त्यातही तुमच्या टपलीने गुन्हेगाराचं नाव जवळजवळ सांगितलंय. टपलीने जुळणारा दोष म्हणजे ड्राय सोल्डर, तडकलेला सोल्डरचा जोड. व्हर्टिकल आयसी हीटसिंकला स्क्रूने घट्ट आवळलेली असते. रोज तापते, रोज निवते. पिना ताणल्या-दबल्या जातात आणि वर्षानुवर्षांनी सोल्डर थकतो. बोर्ड उलटा करा, आयसीच्या पिनांवर टॉर्च तिरका धरा आणि भिंगातून बघा. चांगला जोड शंकूसारखा, पिनेला बिलगून चढलेला दिसतो. फुटलेल्या जोडात पिनेभोवती केसाएवढी काळी गोल भेग असते, जणू कुणी टोकदार पेन्सिलीने पिनेला वर्तुळ काढलंय. पीन बोटाने हलवली तर कधी कधी त्या वर्तुळाच्या आत ती स्वतंत्र डुलताना दिसते. एक सापडली की थांबू नका. आयसीच्या सगळ्या पिना, योकच्या कनेक्टरच्या पिना, फ्लायबॅकच्या (ॲनोडचं उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) पिना आणि होरिझाँटल ड्रायव्हरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या पिना बघा. जो भाग जड असतो किंवा तापतो, तिथे ही वर्तुळं सापडतातच.

जुन्या सोल्डरवर नुसती सोल्डरिंगची इस्त्री टेकवून वितळवणं म्हणजे दुखण्यावर पावडर लावणं. पंपाने जुना सोल्डर ओढून काढा, पिना काळ्या पडल्या असतील तर हलकेच खरवडा, फ्लक्स लावा आणि नवा सोल्डर द्या. छोटी २५ वॉटची इस्त्री फ्लायबॅकच्या जाड पिनांना पुरत नाही. उष्णता कमी पडली की वरून चकचकीत आणि आतून तसाच फुटका जोड तयार होतो. शेवटी शेजारच्या पिना एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, हे भिंगाखाली बघा. आयसीच्या पिनांतला चुकीचा पूल पहिल्याच सेकंदाला आयसी घेऊन जातो.

पण आता टपलीनेही चित्र येत नाही म्हणताय. एक तर भेग रुंदावली असेल, किंवा त्या सुटणाऱ्या-जुळणाऱ्या जोडाने आयसीच मारली असेल. हे चालू करण्याआधी, टीव्ही बंद असतानाच बरंचसं कळतं. आयसीचा सप्लाय फ्लायबॅकच्या एका वाइंडिंगमधून डायोड, कंडेन्सर आणि एका छोट्या फ्युजिबल (जास्त करंटला फ्यूजसारखा उडणाऱ्या) रेझिस्टरमधून येतो. तो रेझिस्टर एक-दोन ओहमचा असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर तो उडालाय. उडालेला रेझिस्टर क्वचितच स्वतःहून उडतो. आयसीच्या सप्लाय पिनेपासून ग्राउंडपर्यंत मोजा. एक-दोन ओहमच येत असेल तर आयसी शॉर्ट आहे आणि रेझिस्टर बदलून काही साधणार नाही, तोही जाईल. त्याच्या जागी तारेचा तुकडा तर कधीच नको. फ्यूजच्या जागी तार टाकणाऱ्यांचे टीव्ही मी पुष्कळ पाहिलेत, त्यातल्या काहींचे बोर्ड कोळसा झालेले होते. सर्किट आकृतीत किंवा बोर्डावर ज्या भागांशेजारी त्रिकोणात उद्गारचिन्ह आहे, ते भाग त्याच किमतीचे, त्याच प्रकारचेच बसवायचे. आगीपासूनचं संरक्षण त्यांच्यावरच उभं असतं.

योकचा कनेक्टर काढून व्हर्टिकल कॉइल मोजा. ते मॉडेलप्रमाणे पाच-दहा ओहमांपासून काही दहांपर्यंत काहीही येईल, पण उघडं असता कामा नये. आणि तो कनेक्टर परत लावल्याशिवाय टीव्ही चालू करू नका. झोत वळवणारं कोणी नसेल तर पडद्याच्या मध्यावर एक ठिपका तयार होतो, आणि तो रेघेपेक्षाही लवकर फॉस्फर जाळतो.

आयसी बदलायचीच असेल तर नंबर वाचून तोच आणा. टीडीए ८३५६, एलए ७८४० असे नंबर या कामात वारंवार भेटतात, पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. हीटसिंकवर थर्मल पेस्ट लावा, आणि जुन्या आयसीखाली अभ्रकाची किंवा रबरी पट्टी असेल तर नव्या आयसीखालीही ती हवीच. बोर्ड हातात आहेच, तर आयसीच्या लगतचे दोन-तीन इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलून टाका. बहुतेक वेळा त्यात एक १०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा असतो, जो झोत खालून वर परत नेताना आयसीला जास्तीचं व्होल्टेज पुरवतो. तो सुकला की चित्राचा वरचा भाग दुमडतो आणि वर पांढऱ्या रेघा गोळा होतात. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त, १०५ अंशांचे, आणि पट्टी बघून योग्य दिशेने. मात्र उत्साहाच्या भरात सगळ्या बोर्डाचे कंडेन्सर बदलायला घेऊ नका. हा सल्ला तुम्हाला भरपूर ठिकाणी मिळेल. माझं मत उलटं आहे: नवख्या हाताने चाळीस कंडेन्सर बदलले तर त्यातला एखादा उलटा बसतो, एखादा ट्रॅक सुटतो, आणि मग मूळ दोष शोधायचा की आपण घातलेला, हेच कळेनासं होतं.

आता चालू करायची वेळ. इथे दुसरा सापळा आहे, लाइव्ह चॅसिस. तुमच्या पिढीच्या टीव्हीत सप्लायचा मेन्सकडचा अर्धा भाग मेन्सशी थेट जोडलेला असतो. त्या भागाचं ‘ग्राउंड’ हे जमिनीचं ग्राउंड नव्हे. बोर्डावर बहुतेक वेळा जाड रेघ मारून हा गरम भाग वेगळा दाखवलेला असतो. काही जुन्या मॉडेलमध्ये तर अख्खी चॅसिसच गरम असते. त्याला हात लावून दुसरा हात पाण्याच्या नळाला किंवा ओल्या फरशीला लागला की मेन्स तुमच्यातून जाते. यासाठी टीव्हीला मेन्सपासून वेगळा करणारा, एकास एक गुणोत्तराचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा, २१ इंची टीव्हीला २५० व्हीएचा पुरतो. व्होल्टेज कमी-जास्त करणारा व्हेरिॲक हे काम करत नाही. त्याचं वाइंडिंग एकच असतं, त्यामुळे टीव्ही मेन्सशी जोडलेलाच राहतो. आणि आयसोलेशन असलं तरी दोन बोटं दोन ठिकाणी लागली तर शॉक बसतोच. म्हणून चालू टीव्हीत एकच हात, दुसरा खिशात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर गरम बाजूचं कुठलंही माप चालू टीव्हीत घेऊ नका. बंद टीव्हीतली मापं आणि सोल्डरिंग एवढ्यावरच थांबा.

सिरीज बल्ब हे दुसरं साधन, स्वस्त आणि फार बोलकं. मेन्सच्या एका तारेत १०० ते २०० वॉटचा साधा तारेचा बल्ब घाला. एलईडी चालत नाही. टीव्ही चालू केल्यावर बल्ब एकदा चमकून मंद झाला तर कुठे मोठा शॉर्ट नाही. लख्ख पेटून तसाच राहिला तर बंद करा, काहीतरी शॉर्ट आहे, पण फ्यूज आणि ट्रान्झिस्टर वाचले. रंगीत टीव्हीत त्याआधी डिगॉसिंग कॉइलचा (पडद्याभोवतीच्या, ट्यूबमधलं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा) कनेक्टर काढा. ते कॉइल सुरू होताना काही क्षण भरपूर करंट खातं आणि बल्ब खोटं बोलायला लागतो. मात्र सिरीज बल्ब म्हणजे आयसोलेशन नव्हे. दोघांची कामं वेगळी. बल्बच्या तपासणीत पास झालेला टीव्ही मग आयसोलेशनवरून पूर्ण पुरवठ्यावर घ्या, कारण बल्बमधून अर्धवट व्होल्टेज मिळालेले काही सप्लाय टिक-टिक करत सुरूच होत नाहीत.

मोजताना काळी लीड टीव्ही बंद असतानाच थंड ग्राउंडला, म्हणजे मेन्सशी न जोडलेल्या बाजूच्या ग्राउंडला, क्लिपने अडकवा, मग चालू करून एका हाताने लाल लीड लावा. व्हर्टिकल आयसीच्या सप्लाय पिनेवर एलए मालिकेसारख्या आयसीला साधारण २४ ते २६ व्होल्ट यायला हवेत. इतरांना तिच्या डेटाशीटप्रमाणे. काळी लीड चुकून गरम ग्राउंडवर असेल तर आकडा शून्य किंवा भलताच येतो आणि नवखा माणूस चांगली आयसी काढून फेकतो. होरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर चालू टीव्हीत मीटर लावू नका. तिथे हजार व्होल्टच्या वरचे स्पंद असतात, मीटर जातो. ॲनोड तर साध्या मीटरने मोजायचा विषयच नाही. आणि मागून काम करताना पडदा बघायला वाकू नका. समोर एक आरसा उभा करा, आरशात रेघ उघडताना दिसेल.

चित्र उघडलं पण वर किंवा खाली दबलेलं राहिलं, तर आधी कंडेन्सर बघा. उंचीचं सेटिंग सगळ्यात शेवटी. सर्व्हिस मेनूत (मेकॅनिकसाठीच्या लपवलेल्या सेटिंगांत) शिरलात तर प्रत्येक आकडा बदलण्याआधी कागदावर लिहा.

आता तो धूसरपणा. तो दोष वेगळा आहे, आणि मेकॅनिक लोकही त्यात फसतात. ट्यूबच्या मानेवर जो छोटा बोर्ड बसतो, त्याच्या सॉकेटमध्ये फोकसची एक पीन इतरांपासून दूर, एकटी असते. तिच्यावर काही हजार व्होल्ट असतात आणि सॉकेटच्या पोटातच तिच्यासाठी एक ठिणगी-फट ठेवलेली असते. तिथे धूळ आणि दमटपणा साठला, पीन हिरवट गंजली, की फोकसचं व्होल्टेज तिथूनच गळतं आणि चित्र पसरतं. टीव्ही तापला की ओल सुकते आणि चित्र लख्ख होतं. वर्णन अगदी तुमचंच. उपाय एकच, सॉकेट बदलणं. पिनांची मांडणी आणि मानेची जाडी जुळणारंच घ्या. लोक काय करतात, फ्लायबॅकवरचा फोकसचा खटका फिरवून धूसर चित्र नीट करतात; दहा मिनिटांनी ओल सुकते आणि तेच चित्र पुन्हा बिघडतं. त्याच्या शेजारचा दुसरा खटका स्क्रीनचा असतो, तोही विनाकारण फिरवू नका. सॉकेट काढता-लावताना ते मानेच्या सरळ रेषेत ओढा. वाकडं करून हिसका दिला तर मघाचा तो ‘सूंऽऽ’ तुम्हालाही ऐकू येईल.

बाकीचे दोष थोडक्यात, कारण बोर्ड उघडाच आहे तर नजर जाईलच. फ्यूजची काच आतून काळी झाली असेल तर मागे सरळ शॉर्ट आहे: ब्रिजचे डायोड, सप्लायचा स्विचिंग ट्रान्झिस्टर किंवा डिगॉसिंगचा पोझिस्टर (त्या कॉइलचा करंट काही क्षणांत कमी करणारा भाग). काच स्वच्छ आणि तार नुसती तुटलेली, तर फ्यूज म्हातारा झाला असंही असतं. पडद्यावर एकाच कोपऱ्यात रंगाचा डाग म्हणजे बहुधा पोझिस्टर किंवा जवळ ठेवलेला स्पीकर. चित्र पिवळं पडलं तर निळा गेला, मोरपंखी झालं तर लाल गेला, जांभळट गुलाबी झालं तर हिरवा गेला. मानेच्या बोर्डावर त्या रंगाचा ट्रान्झिस्टर आणि त्याचे जोड बघा. रेघ आडवीऐवजी उभी आली तर लगेच बंद करा. योकच्या आडव्या कॉइलच्या वाटेत जोड जळालाय.

एका दोषावर मात्र थांबून बोलतो. होरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर पुन्हा पुन्हा उडत असेल तर नुसता बदलत बसू नका. फ्लायबॅककडे जाणारा मुख्य सप्लाय सोडवून तिथे ६० वॉटचा बल्ब लोड म्हणून लावा आणि सप्लाय मोजा. २१ इंचीत साधारण ११० ते ११५ व्होल्ट यायला हवेत. जास्त येत असतील तर दोष सप्लायचा. बरोबर असतील तर ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरजवळचा १६०० किंवा २००० व्होल्टचा छोटा कंडेन्सर बघा. त्याची क्षमता कमी झाली किंवा तो उघडला की ट्यूबचं व्होल्टेज भलतंच चढतं. ट्रान्झिस्टर जातो हा त्यातला लहान भाग. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलेली ट्यूब क्ष-किरणही जास्त सोडते. म्हणून या कंडेन्सरच्या जागी ‘जवळपासचा’ लावायचा नाही, आणि जास्त व्होल्टेजला टीव्ही बंद पाडणारं संरक्षण सर्किट कापून टीव्ही चालवायचा नाही. फ्लायबॅकच्या अंगावर बारीक तडा असेल, तिथून सूं-सूं आवाज, निळी ठिणगी किंवा झोंबरा ओझोनचा वास येत असेल, तर सिलिकॉन लावून बुजवणं काही दिवसांचंच. तो बदलावा.

चपट्या टीव्हीबद्दल: ट्यूब नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मोठ्या संचांत मुख्य कंडेन्सरवर ३८० ते ४०० व्होल्ट असू शकतात आणि जुन्या ट्यूबलाइटसारख्या बॅकलाइटच्या इन्व्हर्टरवर हजारच्या आसपास. रिकामं करण्याची पद्धत तीच. आवाज आहे पण पडदा काळा असेल तर अंधारात पडद्यावर टॉर्च तिरका मारा. चित्र पुसटसं हलताना दिसलं तर पॅनेल ठीक, बॅकलाइट गेलाय.

आणि ट्यूबच गेली असेल, तर ती फोडू नका, कुणाला फोडू देऊ नका. काचेत शिसं असतं, आतला लेप श्वासातून जायला नको, आणि अख्खी ट्यूब आदळली तर आत कोसळून काचा बाहेर उडतात. ई-कचरा घेणाऱ्यांकडे ती तशीच, अखंड जाऊ द्या.

तुमचं चित्र परत आलं की झाकण लगेच लावू नका. मुलं आणि मांजर खोलीबाहेर काढून दोन तास चालू ठेवा, स्वतः समोर बसा. मग प्लॅस्टिकच्या लांब काडीने व्हर्टिकल आयसीच्या आसपास, योकच्या कनेक्टरजवळ आणि फ्लायबॅकच्या पायथ्याशी हलक्या टिचक्या मारा, नजर आरशात ठेवून. चित्र कुठे थरथरलं तर एखादं काळं वर्तुळ अजून राहिलंय, पुन्हा प्लग काढा, दोन्ही कंडेन्सर रिकामे करा आणि भिंग घ्या. नाही थरथरलं तर बंद करून, प्लग काढून झाकण लावा, आणि सगळे स्क्रू बसवल्यावर वरून तीच जुनी टपली एकदा मारून बघा.